नाव तुमचं, उतारा कोणाच्या नावावर?

सावद्याहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: केळीच्या वेफर्सचा घरगुती उद्योग, आता बऱ्यापैकी वाढलेला. सात वर्षांपूर्वी गावातल्याच एका मुलाने वेबसाइट करून दिली, डॉट कॉमचं नावही त्यानेच घेतलं. दरवर्षी त्याला पैसे दिले. आता दुसऱ्याकडून नवी साइट करायची म्हटल्यावर तो म्हणतो, नाव माझ्या खात्यावर आहे, ४० हजार द्या आणि घेऊन जा. ताई विचारतात, ‘या नावांचं सरकारी ऑफिस कुठे आहे? तक्रार कोणाकडे करायची? आणि सगळा कारभार खासगी कंपन्यांच्या हातात असेल तर त्यांच्यावर लक्ष कोण ठेवतं?’

ताई, जळगावात बावीस वर्षं डोमेन (वेबसाइटची नावं) आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) विकतोय. हा प्रश्न महिन्याला एकदा तरी माझ्या टेबलावर येतो. मागे अमळनेरचे एक आप्पा आले होते, त्यांचं एकच म्हणणं: ‘नाव मन्हं, मंग पैसा त्याले काब्र देऊ?’ प्रश्न अगदी रास्त. उत्तराला मात्र जरा वेळ लागतो.

असं सरकारी ऑफिस नाही. जिल्हाधिकारी कचेरीत नाही, मुंबईत नाही, डॉट कॉमपुरतं बोलायचं तर दिल्लीतही नाही. म्हणून नियम नाहीत असं मात्र समजू नका. नियम भरपूर आहेत, ते राजपत्राऐवजी करारांत लिहिलेले आहेत. एवढं ध्यानात आलं की तुमचं प्रकरण कुठे अडलंय ते आपोआप दिसेल.

आधी तातडीचं. आज संध्याकाळी आयकॅनच्या, म्हणजे या नावांचा जगभरचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, लुकअप पानावर जाऊन तुमचं नाव टाका. याला पूर्वी ‘हू-इज’ म्हणायचे; जानेवारी २०२५ पासून त्याची जागा अधिकृतपणे ‘आरडॅप’ने घेतली. तिथे मालकाचं नाव बहुतेक झाकलेलं दिसेल, कारण मे २०१८ मध्ये युरोपात खासगी माहितीचा कायदा लागू झाल्यापासून सगळ्यांनीच ते झाकलं. पण रजिस्ट्रार (नाव नोंदवणारी कंपनी) कोण, मुदत कधी संपते आणि नावाला ट्रान्सफरचं लॉक, म्हणजे ते दुसरीकडे हलवण्यावर बंदी, आहे का, हे दिसतं. त्याचा फोटो काढून ठेवा. दुसरं, त्या नावावर जे ईमेल चालतात त्यांचा बॅकअप घ्या. व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी त्यावर येत असणार. नेमसर्व्हर, म्हणजे तुमच्या नावाची साइट आणि मेल कुठल्या यंत्राकडे जातात ती खूण, बदलण्याची किल्ली त्या मुलाच्या हातात आहे. भांडण पेटलं तर साइटच्या आधी मेल बंद पडतील. एवढं होईपर्यंत त्याच्याशी गोड बोला.

आता मूळ गोष्ट. डोमेन विकत मिळतच नाही, ते खंडाने मिळतं. शेत खंडाने करतो तसं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा खंड भरता येतो, वेळेवर भरत राहिलात तर कोणी उठवत नाही. पण खंडकरी म्हणून वहीत ज्याचं नाव, त्याचं शेत. पैसे कोणाच्या खिशातून गेले हे वही विचारत नाही.

ही वही सांभाळणाऱ्यांची साखळी अशी. सगळ्यात वर आयकॅन, कॅलिफोर्नियात नोंदलेली ना-नफा संस्था. तिच्याशी करार करून डॉट कॉमची मूळ वही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते. त्या वहीत तुम्हा-आम्हाला थेट लिहिता येत नाही. आयकॅनची मान्यता असलेला रजिस्ट्रारच लिहू शकतो. रजिस्ट्रारच्या हाताखाली माझ्यासारखे रिसेलर, म्हणजे किरकोळ विक्रेते. आणि माझ्यासारख्याकडून घेऊन तुम्हाला देणारा तो मुलगा. प्रत्येक दोन कड्यांमध्ये करार आहे, अगदी मी आणि रजिस्ट्रार यांच्यातही आहे. फक्त शेवटच्या जोडीत, तुमच्यात आणि त्या मुलात, एक चिठ्ठीसुद्धा नाही. सगळी साखळी धड असून शेवटची कडी सुतळीने बांधलेली.

आता तुमचा तिसरा प्रश्न, तो मला तिन्हींत जास्त आवडला. लक्ष कोण ठेवतं?

पूर्वी एक माणूस ठेवायचा. अतिशयोक्ती नाही. नेटवर्क छोटं होतं तेव्हा सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एका फाइलमध्ये असत आणि ती फाइल कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळायचा. नाव हवं तर त्यांना कळवायचं. यंत्रं वाढली, फाइल पुरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आजची डीएनएस पद्धत आखली: एक मोठी वही फाडून हजारो छोट्या वह्या, आणि कुठली वही कोणाकडे एवढंच सांगणारी सगळ्यात वरची ‘रूट’. त्या रूटचा कारभार जॉन पोस्टेल हे प्राध्यापकी वळणाचे, दाढीवाले गृहस्थ पाहायचे. अमेरिकी सरकारचं कंत्राट होतं, पण लोकांचा विश्वास पोस्टेल यांच्यावर होता. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल करून सांगितलं, यापुढे मुख्य प्रत माझ्या यंत्रावरून घ्या. आणि त्यांनी घेतली! सरकारने डोळे वटारल्यावर पोस्टेल यांनी ‘चाचणी होती’ म्हणून सगळं पूर्ववत केलं. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला आयकॅन स्थापन झाली आणि १६ ऑक्टोबरला पोस्टेल वारले. एका माणसाच्या शब्दावर चाललेला कारभार मग संस्थेकडे आला.

सरकारऐवजी खासगी संस्था का, याची कारणं तेव्हा चर्चेत होती ती आजही मला पटतात. नावं सगळ्या जगात चालतात, एका देशाचा कायदा सगळ्या जगाला लावणार कसा? आणि सरकारं बदलली की वही बदलावी असं कोणालाच नको होतं. अमेरिकेने आपला शेवटचा अधिकार सोडायला मात्र अठरा वर्षं घेतली. मार्च २०१४ मध्ये घोषणा केली, १ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकी सरकारचा आयकॅनशी असलेला तो करार संपला. तेव्हापासून आयकॅनवर कुठल्याही एका सरकारचा हात नाही. सरकारांची एक समिती आत आहे, तिचं काम सल्ला देण्याचं.

पण खासगी हात म्हणजे आपोआप चांगले हात, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः खासगी आहे, मला माहीत आहे. माझी कसोटी साधी आहे: या साखळीत कोणी कोणाला ‘नाही’ म्हणू शकतं का, आणि म्हटल्यावर समोरच्याला ते ऐकावं लागतं का?

१५ सप्टेंबर २००३ ची गोष्ट. तेव्हा मी या धंद्यात नुकता शिरत होतो. डॉट कॉम किंवा डॉट नेटचं नाव टाइप करताना चुकलं, तर ‘असं नाव नाही’ हे उत्तर यायचं. व्हेरिसाइनने त्या दिवशी न सांगता, न विचारता ते उत्तरच काढून टाकलं आणि चुकलेलं प्रत्येक नाव स्वतःच्या जाहिरातीच्या पानाकडे वळवलं. साइट फाइंडर म्हणायचे त्याला. वहीवाल्यानेच कोऱ्या पानांवर आपलं दुकान थाटलं म्हणा ना. गंमत म्हणजे त्रास आधी मेलवाल्यांना झाला. आलेल्या मेलचं डोमेन खरंच आहे का हे तपासून स्पॅम अडवणारी यंत्रणा आंधळी झाली, कारण आता डॉट कॉम-डॉट नेटचं कुठलंही नाव ‘आहे’ असंच उत्तर यायचं. तंत्रज्ञांनी गदारोळ केला, आयकॅनने ३ ऑक्टोबरला करारावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ते पान बंद झालं. तीन आठवड्यांच्या आत. सरकारी आदेश नाही, कोर्ट नाही. करारातलं कलम आणि ते वापरायची हिंमत.

त्या ‘नाही’ची किंमतही मोजावी लागली, हे सहसा कोणी सांगत नाही. व्हेरिसाइनने आयकॅनवर दावा ठोकला. तडजोड झाली, तिच्यातून २००६ चा डॉट कॉमचा नवा करार निघाला आणि त्यात व्हेरिसाइनला दरवाढीची सोय मिळाली, शिवाय मुदत संपली की करार जवळजवळ आपोआप पुन्हा तिच्याकडेच. लिलाव नाही. तुम्ही भरता त्या पैशात हे दिसतं. डॉट कॉमचा घाऊक दर, म्हणजे व्हेरिसाइन रजिस्ट्रारकडून एका नावाचे वर्षाला घेते तो, २०१२ पासून ७.८५ डॉलरवर थांबवला होता, २०२१ पासून तो दरवर्षी वाढत सप्टेंबर २०२४ ला १०.२६ डॉलर झाला. १५ कोटींहून जास्त नावं, प्रत्येकावर हा दर, आणि कंपनीचा परिचालन नफा उत्पन्नाच्या ६० टक्क्यांवर. वही चोख ठेवतात, त्यात शंका नाही. डॉट कॉमची यंत्रणा बंद पडल्याचं मी माझ्या बावीस वर्षांत पाहिलेलं नाही. पण वही ठेवायला इतका पैसा लागत नाही हे माझं मत आहे, आणि ते मी रजिस्ट्रारच्या बैठकांतही बोलतो. रावेरला केळीचा भाव रोज बोर्डावर लागतो, चढतो तसा उतरतोही. हा भाव उतरलेला मी पाहिला नाही.

दुसरा प्रसंग डॉट ओआरजीचा. आपल्याकडे सेवाभावी संस्था, वाचनालयं, मंडळं हेच नाव घेतात. ते चालवणारी संस्था ना-नफा आहे. जून २०१९ मध्ये आयकॅनने त्या नावांवरची दराची कमाल मर्यादा काढली, आणि नोव्हेंबरात बातमी आली की ही संस्थाच एका खासगी गुंतवणूक कंपनीला १.१३५ अब्ज डॉलरला विकणार. जगभरच्या संस्था उठल्या. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी आयकॅनला कडक पत्र लिहिलं, कारण ना-नफा संस्था म्हणून आयकॅन त्यांच्या देखरेखीखाली येते. ३० एप्रिल २०२० ला आयकॅनच्या मंडळाने विक्रीला परवानगी नाकारली. काही जण म्हणतात व्यवस्थेचा विजय झाला. मला विचाराल तर आयकॅन आधी डुलकी घेत होती, लोकांनी हलवून जागं केलं. पण हलवता आलं, हे महत्त्वाचं.

आणि तिसरा उलटा. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस, रशिया-युक्रेन युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, युक्रेनच्या सरकारने आयकॅनला विनंती केली की रशियाचं डॉट आरयू रूटमधून काढा. आयकॅनने नकार दिला. सहानुभूती नव्हती म्हणून नाही. वही राखणाऱ्याने एकदा पक्ष घेतला की दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक भांडण वहीपाशी येतं. तलाठ्याने भाऊबंदकीत एका भावाची बाजू घेतली की पुढे काय होतं, हे खान्देशात कोणाला समजावून सांगायला नको.

आता माझीच चूक सांगतो, कारण त्या मुलाला सरसकट चोर ठरवायला मी तयार नाही. सुरुवातीच्या सहा-सात वर्षांत मीही सगळ्या ग्राहकांची नावं माझ्याच खात्यावर, माझ्याच ईमेलने घ्यायचो. लबाडी नव्हती. ग्राहकाकडे ईमेल नसायचा, असला तरी तो उघडायचा नाही, आणि नूतनीकरणाची आठवण मला आली की मी पैसे भरून टाकायचो. सोय होती. मग एका वर्षी एप्रिलमध्ये मला कावीळ झाली. महिनाभर अंथरुणावर. त्याच महिन्यात जळगावच्या एका सराफांचं नाव संपलं. आठवणीचे मेल माझ्याच जुन्या पत्त्यावर पडून राहिले आणि आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आदल्या आठवड्यात त्यांची साइट गेली. सराफाला आखाजी म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे. नाव ‘रिडेम्प्शन’मध्ये पोचलं होतं, मुदत संपून, सवलतीचे दिवसही उलटून नाव वहीतून निघतं, तेव्हा मूळ मालकाला ३० दिवस मिळतात ते. दंड भरून सोडवता येतं, दंड नेहमीच्या दराच्या कितीतरी पट. तो मी माझ्या खिशातून भरला. तेही संपलं की पाच दिवसांनी नाव जगात कोणालाही मोकळं, आणि अशा नावांवर टपून बसलेली यंत्रं असतात, माणूस पोचेपर्यंत ती घेऊन गेलेली असतात. सराफ शेठ काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, ‘तुम्हाला काही झालं असतं तर आमचं नाव कोणाकडे मागायचं होतं?’

त्यानंतर मी अडीचशेच्या वर नावं एक-एक करून ग्राहकांच्या स्वतःच्या नावावर आणि ईमेलवर चढवली. पाच महिने गेले. निम्म्यांनी विचारलं, आता तुम्ही आम्हाला सोडताय का?

त्या वेळी कळलं की नियम माझ्या बाजूने नव्हतेच, ग्राहकाच्या बाजूने होते. मीच वाचले नव्हते. रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण एक महिना आधी, एक आठवडा आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत आठवण द्यायची, असं बंधन आहे. मालकाने मागितला तर ट्रान्सफरचा, म्हणजे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचा, कोड पाच दिवसांत द्यायचा. आयकॅन आणि रजिस्ट्रार यांच्यातल्या २०१३ च्या करारानुसार नवं नाव घेतल्यावर ईमेल किंवा फोनची पडताळणी पंधरा दिवसांत झाली नाही तर एकतर हाताने तपासायचं नाहीतर नाव थांबवायचं. आणि रिसेलरने घोळ घातला तरी उत्तर रजिस्ट्रारने द्यायचं. २००७ मध्ये अमेरिकेतला एक रजिस्ट्रार कोसळला आणि हजारो लोकांची नावं टांगणीला लागली. त्यानंतर प्रत्येक रजिस्ट्रारच्या वहीची प्रत तिऱ्हाइताकडे ठेव म्हणून ठेवायचं बंधन आयकॅनने नीट राबवायला घेतलं. या सगळ्या कलमांत ‘मालक’ म्हणजे वहीत नाव असलेला माणूस. वहीत मी असेन तर सगळ्या सूचना, सगळे हक्क मला.

जबाबदारीची दुसरी बाजू फसवणुकीची. ५ एप्रिल २०२४ पासून रजिस्ट्रार आणि वहीवाल्यांच्या करारात नवं कलम आहे: फिशिंग (फसवी पानं), मालवेअर (घातक सॉफ्टवेअर), बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या यंत्रांचं जाळं) वगैरेचा ठोस पुरावा मिळाला की तातडीने उपाय करायचाच. आधी फक्त ‘चौकशी करा, प्रतिसाद द्या’ एवढंच होतं. गेल्या वर्षी माझ्या खात्याखालच्या एका नावावर कोणीतरी वीजबिलाचं बनावट पान लावलं. ‘आज रात्री लाइन कापू’ छापाचं. तक्रार सकाळी आली, पान उघडून पाहिलं, रजिस्ट्रारला कळवलं, दुपारपर्यंत नाव थांबलं. त्याच महिन्यात दुसरी तक्रार आली. चोपड्याकडच्या एका ग्राहकाने स्थानिक संस्थेच्या कारभाराबद्दल तिखट लिहिलं होतं आणि एका वजनदार माणसाला ते नाव बंद हवं होतं. मला दोनदा फोन आले. मी म्हटलं, कोर्टाचा हुकूम आणा.

दोन्हींत फरक का केला? नाव बंद करणं हे फार बोथट हत्यार आहे. एक पान काढायचं तर होस्टिंगवाला ते एक पान काढू शकतो. मी नाव थांबवलं तर साइट, मेल, त्याखाली चालणारं सगळं एकदम जातं. दुकानात एक माल खराब निघाला म्हणून आख्ख्या गल्लीचा वीजपुरवठा तोडण्यासारखं. ज्या पानाचा धंदाच लुबाडणं आहे तिथे तोडावाच लागतो. मजकुराच्या भांडणात वहीवाल्याने पडू नये. आणि दुसऱ्या टोकाचं उदाहरणही आहे: डॉट टीकेसारखी काही छोट्या देशांची नावं फुकट वाटणारी फ्रीनॉम. फुकट म्हणून ठकांची चंगळ झाली. मार्च २०२३ मध्ये फेसबुकवाल्या मेटाने दावा केला, नोव्हेंबरात आयकॅनने त्या समूहाच्या रजिस्ट्रार कंपनीची मान्यता काढली. देशांच्या नावांवर आयकॅनचा करार तसा चालत नाही, त्यामुळे डॉट टीकेला ती थेट हात लावू शकत नव्हती. करारावर चालणारा कारभार करार जिथे संपतो तिथे संपतो.

यावरून आपल्या डॉट इनकडे येऊ, कारण नवं नाव घेताना तुम्ही विचारणारच. डॉट इनची वही निक्सी सांभाळते. २००३ मध्ये स्थापन झालेली ना-नफा कंपनी, केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाच्या छायेत. तांत्रिक काम निविदा काढून बाहेरच्या कंपनीला दिलं जातं आणि ती कंपनी बदललेलीही आहे. डॉट कॉममध्ये हेच होत नाही. म्हणजे धड सरकारी नाही, धड खासगी नाही, पण वहीवाला बदलता येतो. मला ही रचना वाईट वाटत नाही.

गेल्या वर्षी या वहीत एक चांगलं कुंपण उभं राहिलं. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ने संपणाऱ्या नावांवर जायला सांगितलं. ही नावं माझ्यासारखा कोणी विकू शकत नाही. हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेने उभारलेली संस्था एकच रजिस्ट्रार, आणि परवाना असलेली बँकच पात्र. आपल्या भागातल्या नागरी सहकारी बँकांनाही जावं लागलं. माझ्याकडे एका पतसंस्थेचे व्यवस्थापक आले, ‘आम्हालाही तसंच नाव काढून द्या, जास्त पैसे देतो.’ म्हटलं, साहेब, पतसंस्था बँक नाही, म्हणूनच हे कुंपण आहे. ठेवीदाराचे हात किती पोळलेत हे जळगाव जिल्ह्यात मी काय सांगायचं. ते नाराज होऊन गेले. अर्थात, लोक अजून व्हॉट्सॅपवर आलेली निळी ओळ न वाचता दाबतात, त्याला हे कुंपण पुरणार नाही.

देवनागरी नावाचंही सांगून टाकतो. २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ देवनागरीत मिळतं, मराठीतही. पाकिटावर छान दिसेल. पण मेलसाठी त्यावर विसंबू नका. अजून कित्येक फॉर्म आणि मेलसेवा असा पत्ता ‘चुकीचा’ म्हणून परत करतात. जोडनाव म्हणून ठेवा.

ऑफिस नसेल तर आपण बोलायचं कुठे, हेही तुमच्या प्रश्नात आहेच. नोव्हेंबर २०१६ मध्ये आयकॅनची बैठक हैदराबादला होती, अमेरिकेचा हात सुटल्यानंतरची पहिलीच. प्रवेश फुकट, कोणीही यावं. जळगावहून मनमाड, तिथून अजिंठा एक्स्प्रेसने सिकंदराबाद, असा मी गेलो. माइकसमोर रांग लावायची आणि बोलायचं, मंत्री असो की माझ्यासारखा रिसेलर, तीच रांग, तेवढाच वेळ. मी छोट्या गावांतल्या रिसेलरबद्दल दोन मिनिटं बोललो, इंग्रजी अडखळत. ८ तारखेला रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि दुसऱ्या दिवशी जगभरचे तज्ज्ञ चहाला सुटे पैसे शोधत होते. माझ्याही खिशात चार पाचशेच्याच. त्या बैठकीने माझा गैरसमज घालवला की हे सगळं कुठेतरी बंद खोलीत ठरतं. खोली उघडी असते. तिथे जायला वेळ आणि भाडं कोणाकडे असतं, तो वेगळा मुद्दा, आणि बहुतेक खुर्च्यांवर कंपन्यांची माणसं का दिसतात त्याचं उत्तरही तेच. आयकॅनच्या नियमांच्या मसुद्यांवर घरबसल्या लेखी मत देता येतं. मी वर्षाला एखादं देतो.

तर ताई, तुमचं प्रकरण. आयकॅनकडे तक्रार केलीत तर उत्तर येईल की मालकीचा वाद आम्ही सोडवत नाही. बरोबरच आहे ते. तुमच्यात आणि मुलात करार नाही आणि वहीत बहुधा त्या मुलाचं नाव आहे. रजिस्ट्रारला मात्र लिहा. पैसे दिल्याच्या यूपीआय नोंदी, त्याची बिलं, ‘तुमच्या साइटसाठी नाव घेतो’ असे व्हॉट्सॅपवरचे निरोप, अन्न परवाना, जीएसटी, पाकिटाचे फोटो, सगळं एका फाइलमध्ये. कधीकधी मालकाच्या रकान्यात तुमचं नाव आणि फक्त ईमेल त्याचा असं निघतं. तसं असेल तर निम्मी लढाई जिंकलीत, रजिस्ट्रार ओळखपत्र पाहून ईमेल बदलू शकतो.

रकान्यात तोच असेल तर दोन रस्ते. एक यूडीआरपी, १९९९ पासूनची लवादाची पद्धत. तुमच्या ब्रँडशी नाव जुळतं, त्याचा त्यावर हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं, ही तिन्ही सिद्ध करावी लागतात. तिसरं तुम्हाला जड जाईल, कारण घेतलं तेव्हा तुमच्याच सांगण्यावरून घेतलं. शिवाय अशी प्रकरणं चालवणाऱ्या जिनिव्हाच्या केंद्राची फी एका परीक्षकासाठी १५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या पुढे. दुसरा रस्ता वकिलाची नोटीस. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या निकालात डोमेन नावाला व्यापारी नावासारखं संरक्षण दिलं, नोंदलेला ट्रेडमार्क नसला तरी. नोटिशीत हा निकाल असला की बहुतेक मुलं टेबलावर येतात.

आणि टेबलावर आला की त्याला चोर म्हणू नका. सात वर्षं त्याने नाव वेळेवर भरलं, तुमचं नाव कधी गेलं नाही. त्याचे थकलेले पैसे, एखाद्या वर्षाची सेवा, असं धरून आठ-दहा हजारांत मिटत असेल तर मिटवा. ४० हजार देऊ नका. मात्र पैसे हातात देण्याआधी कागद: नाव तुमचं होतं, तुमच्यासाठी घेतलं होतं, आता तुमच्या खात्यावर सोडतो. मग तुमच्या ईमेलने रजिस्ट्रारकडे खातं उघडा, जमलं तर त्याच रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव एका खात्यातून दुसऱ्यात काही मिनिटांत सरकतं. रजिस्ट्रारही त्याच वेळी बदलायला गेलात तर मालक बदलल्यावरचं साठ दिवसांचं लॉक आडवं येऊ शकतं. नाव आलं की पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी लावा, तीन-चार वर्षांचा खंड एकदम भरा आणि आठवणीसाठी घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी नंबर द्या.

मुदत दोन महिन्यांच्या आत संपत असेल तर मात्र नोटिशीची वाट पाहू नका, आधी मला फोटो पाठवा. रागाच्या भरात त्याने नूतनीकरण सोडून दिलं तर नाव त्याचंही राहणार नाही. पुढच्या गुरुवारी मी फैजपूरला येतोय, कागद घेऊन या, त्यालाही बोलवा. पाकिटांची नवी छपाई तोवर थांबवा.